नियम त्यांचे, दुकान तुमचं, मग तोटा कोणाचा? फ्रँचायझी घेण्याआधी फुटबॉलचा हा हिशेब बघा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एक वाक्य बोललो होतो. फ्रँचायझी घेताना ब्रँड किती मोठा ते नंतर बघा, आधी त्या ब्रँडच्या कंपनीत तुमचं काय आहे ते बघा. बारा मिनिटांच्या व्हिडिओत ते नीट उलगडून सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितो.

उदाहरण घेतोय फुटबॉलचं. शेंदूरजनाघाटात बसून अमेरिकेच्या फुटबॉलचं आपल्याला काय करायचं, असं वाटेल. कारण सोपं आहे राजेहो. चहाच्या किंवा आइस्क्रीमच्या फ्रँचायझीवाला आपला हिशेब कोणाला दाखवत नाही. दहा दुकानं उघडली ते पोस्टरवर येतं, सहा बंद पडली ते येत नाही. खेळाच्या लीगमध्ये मात्र कोणाला किती पगार, टीम कितीला विकली, कोण बुडालं, हे सगळं पेपरात छापून येतं. धंदा तोच आहे: वर एक कंपनी, खाली फ्रँचायझी, आणि त्याच्या खाली काम करणारी माणसं.

आधी आपल्या ओळखीच्या खेळापासून सुरू करू. कबड्डी आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे जाऊन कबड्डी दाखवली होती. त्यानंतर ७८ वर्षांनी, २०१४ मध्ये, प्रो कबड्डी लीग आली आणि त्या खेळाचा धंदा झाला. लीग एका कंपनीची, मशाल स्पोर्ट्सची, आणि २०१५ पासून त्या कंपनीत मोठा हिस्सा स्टारचा. टीमचे मालक वेगळे. खेळाडू लिलावात घ्यायचे, पण मनाला येईल तेवढा खर्च करता येत नाही. २०२३ च्या लिलावात प्रत्येक टीमला पूर्ण संघासाठी मर्यादा होती ५ कोटी. यालाच सॅलरी कॅप म्हणतात. तुमच्या दुकानाच्या भाषेत सांगायचं तर पगाराचं बजेट तुम्ही ठरवत नाही, वरची कंपनी ठरवते.

त्या वर्षी तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. म्हणजे अर्ध्याच्या वर बजेट एका माणसावर. सीझन संपला तेव्हा टीम बारापैकी बाराव्या नंबरवर होती. त्याच सीझनला पुणेरी पलटण चॅम्पियन झाली. त्यांनीही इराणच्या शादलूईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले होते, पण बाकीची पोरं, अस्लम इनामदारसारखी, त्यांनी आधीपासून धरून ठेवली होती आणि घडवली होती. दुकानात भारी सेल्समन आणायचा की दोन पोरं शिकवायची, यावर मी वेगळा व्हिडिओ केलाय, त्यात आत्ता जात नाही. कॅप म्हणजे काय ते समजलं एवढं पुरे.

आता अमेरिका.

तिथे मेजर लीग सॉकर नावाची लीग १९९६ ला दहा टीमने सुरू झाली. त्याआधीची मोठी लीग १९८० च्या दशकात बंद पडली होती. न्यूयॉर्कच्या टीमने पेलेसारखे मोठे खेळाडू आणले, बाकीच्यांनी तिच्या मागे धावून ऐपतीबाहेर खर्च केला, आणि सगळं बसलं. म्हणून नव्या लीगच्या लोकांनी एक वेगळीच रचना केली. टीम वेगवेगळ्या मालकांच्या नाहीतच. सगळ्या टीम मिळून एकच कंपनी. जो पैसा लावतो तो टीम विकत घेत नाही, तो त्या मोठ्या कंपनीत हिस्सा घेतो आणि त्याबरोबर त्याला एक टीम चालवायचा हक्क मिळतो. खेळाडूचा करार टीमशी होत नाही, कंपनीशी होतो. पगार कंपनी देते.

हे असं का केलं, ते आपल्या गावच्या धंद्यावरून सांगतो. आपल्याकडे संत्र्याच्या नर्सऱ्या किती आहेत ते सांगायला नको. माझं दुकानच ठिबक आणि नर्सरीच्या सामानाचं आहे, गिऱ्हाईक सगळं तेच. हंगामात कलमावर डोळे बांधणारा चांगला कारागीर मिळवायला मारामार असते. एक नर्सरीवाला हजारी दर वाढवतो, दुसरा त्याच्यावर वाढवतो. आता समजा दहा नर्सरीवाले एका ओट्यावर बसले आणि ठरवलं, "या दराच्या वर कोणीच द्यायचं नाही." अमेरिकेत हे बेकायदेशीर ठरतं, कारण मालकांनी संगनमत करून मजुरी दाबली असा त्याचा अर्थ होतो. पण त्याच दहा जणांनी मिळून एक कंपनी काढली, सगळ्या नर्सऱ्या त्या कंपनीच्या केल्या, तर? एक कंपनी स्वतःशी संगनमत कसं करणार? ती आपला दर ठरवते, बस.

खेळाडूंना हा डाव कळला. १९९७ मध्ये आठ खेळाडू कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं असं की ही एक कंपनी नावापुरती आहे, आत वेगवेगळे मालकच बसलेत. २००० मध्ये ज्यूरीने लीगच्या बाजूने निकाल दिला आणि २००२ मध्ये वरच्या कोर्टाने तो कायम ठेवला. गंमत अशी की वरच्या कोर्टालासुद्धा ही पूर्ण एक कंपनी वाटली नाही, काहीतरी मधलंच वाटलं. पण खेळाडू हरले.

त्याच २००२ मध्ये लीग मरायला टेकली होती. मायामी आणि टॅम्पाच्या टीम बंद केल्या. उरलेल्या दहापैकी सहा टीम एकटा फिलिप अॅन्शुट्झ नावाचा माणूस चालवत होता. तुम्हीच सांगा, वेगवेगळ्या मालकांची लीग असती तर तो दुसऱ्याच्या टीमचा तोटा कशाला उचलत बसला असता? पण त्याचा हिस्सा मोठ्या कंपनीत होता. लीग गेली असती तर त्याचं सगळंच गेलं असतं, म्हणून तो थांबला. इथे मला ही रचना आवडते. तोटा वाटून घेतला आणि पुढे फायदाही वाटून मिळाला. २००७ ला टोरांटोची टीम आत आली तेव्हा प्रवेश फी होती १ कोटी डॉलर. २०२३ मध्ये सॅन डिएगोच्या टीमने आत यायला मोजले ५० कोटी डॉलर. पन्नास पट! आणि ही फी आधीपासून बसलेल्या हिस्सेदारांच्या कंपनीत येते. अॅन्शुट्झने दम का धरला ते आता कळलं असेल.

आता भारतात या. आपण इंडियन सुपर लीग सुरू केली २०१४ ला. त्याची मुळं २०१० च्या करारात आहेत. भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, ७०० कोटींचा करार केला आणि भारतातल्या फुटबॉलचे व्यापारी हक्क त्यांना दिले. पुढे एफएसडीएल या कंपनीने लीग चालवली. वरून बघाल तर अमेरिकेचीच कॉपी वाटते. सुरुवातीला तर काही भारतीय खेळाडूंशी करार थेट वरच्या कंपनीनेच केले होते, आणि मुंबईत ड्राफ्ट भरवून खेळाडू टीमना वाटले. पगाराला कॅप आली. काही वर्षं ती साडेसोळा कोटी होती. मुंबई सिटी, एफसी पुणे सिटी, एफसी गोवा असे आपल्या भागातले तीन फ्रँचायझी पहिल्या आठात होते.

फरक एकच राहिला, आणि तो कागदावर इतका बारीक आहे की सहज नजरेतून सुटतो. टीमच्या मालकांनी फ्रँचायझी फी भरली, पगार दिले, मैदानं भाड्याने घेतली, तोटा सोसला. मध्यवर्ती उत्पन्नातला वाटा त्यांना मिळायचा. पण लीग ज्या कंपनीची, त्या कंपनीत त्यांचा हिस्सा नव्हता. नियम केंद्राचे होते आणि केंद्र दुसऱ्याचं होतं.

पुण्याचं काय झालं बघा, कारण हे आपल्या राज्यातलं आहे आणि यावर फार कोणी बोलत नाही. पुण्यात आधी पुणे एफसी नावाचा क्लब होता, पिरामल घराण्याचा, २००७ पासून. २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला होता, म्हणजे काही साधा क्लब नव्हता. सुपर लीग आल्यावर वर्षभरात त्याने गाशा गुंडाळला. कल्याणी ग्रुपचा भारत एफसी एकच सीझन खेळला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये गेला. राहिला सुपर लीगचा फ्रँचायझी एफसी पुणे सिटी. वाधवान ग्रुप मालक, हृतिक रोशन सहमालक. २०१७-१८ ला सेमीफायनलपर्यंत पोचला आणि २०१९ ला बंद झाला. त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. हैदराबाद २०२२ मध्ये चॅम्पियन झाला, आणि दोन वर्षांच्या आत तिथे खेळाडूंचे पगार थकले. मग मालक बदलला, २०२५ मध्ये टीम दिल्लीला गेली, नाव बदललं. लीगच्या तक्त्यात एक जागा भरलेली दिसत राहिली, बारा वर्षांत त्या एका जागेवर तीन शहरं आली. पुण्याच्या ज्या पोराने जर्सीवर पैसे घातले त्याला कोणी विचारलं नाही.

मालक श्रीमंत होते, चुकीच्या कंपनीत अडकले, चालायचंच, असं म्हणाल. थांबा, २०२५ बाकी आहे.

तो पंधरा वर्षांचा करार डिसेंबर २०२५ ला संपणार होता. महासंघाच्या घटनेचं प्रकरण सुप्रीम कोर्टात, त्यामुळे नवा करार होत नव्हता. ११ जुलै २०२५ ला एफएसडीएलने क्लबना कळवलं की सीझन थांबवून ठेवतोय. बस. क्लबचं स्टेडियम तयार, खेळाडू करारावर, स्पॉन्सर विचारतोय, आणि दुकानाची चावी भलत्याच्याच खिशात. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने खेळाडू आणि स्टाफचे पगार थांबवले, चेन्नईयिननेही तेच केलं. महासंघाने लीग चालवायचं टेंडर काढलं, तर नोव्हेंबरमध्ये मुदत संपेपर्यंत एकही बोली आली नाही. डिसेंबरच्या शेवटी मँचेस्टर सिटीवाल्या ग्रुपने मुंबई सिटीतला आपला हिस्सा सोडला. जानेवारी २०२६ मध्ये सुनील छेत्रीसकट मोठमोठ्या खेळाडूंना व्हिडिओ काढून फिफाकडे मदत मागायची वेळ आली. त्यानंतर सरकार मध्ये पडलं आणि १४ फेब्रुवारीपासून कमी सामन्यांची लीग घ्यायचं जाहीर झालं.

यात मला सगळ्यात बोलकी वाटते ती एक गोष्ट. करार संपत आला तेव्हा एफएसडीएलनेच एक प्रस्ताव मांडला होता: नवी कंपनी काढू, त्यात क्लबचा हिस्सा ६० टक्के, एफएसडीएलचा २६ आणि महासंघाचा १४. म्हणजे अमेरिकेने १९९६ ला जे पहिल्या दिवशी केलं, ते आपल्याकडे दहा-अकरा सीझन तोटा सोसून झाल्यावर टेबलावर आलं. तेही वेळेत ठरलं नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. केंद्राचे नियम वाईट नसतात. एकच रेट, एकच मेनू, पगाराची मर्यादा, माल अमुक ठिकाणाहूनच घ्यायचा, हे सगळं नवीन धंद्याला वाचवू शकतं. मायामी-टॅम्पा गेल्यावरही अमेरिकेची लीग यानेच वाचली. पण हे नियम ज्याने मानायचे त्याचा केंद्रात हिस्सा पाहिजे. हिस्सा नसेल तर नियम पाळण्याची किंमत तुम्ही देता आणि त्यातून जे मोल वाढतं ते दुसऱ्याच्या खात्यात जातं.

आणि हेच माप खेळाडूंनाही लावा, तिथे अमेरिकेचं कौतुक थांबतं. २०२५ मध्ये त्या लीगमध्ये सीनियर खेळाडूचा किमान पगार वर्षाला १ लाख ४ हजार डॉलर, राखीव खेळाडूचा ८० हजारांच्या आसपास. मेस्सीचा २ कोटी ४ लाख डॉलर, जवळजवळ दोनशे पट. कारण २००७ ला बेकहॅमसाठी एक नियम काढला: काही निवडक खेळाडूंच्या पगाराचा ठरलेला भागच कॅपमध्ये मोजायचा, वरचा पैसा त्या टीमच्या चालकाने खिशातून द्यायचा. बेकहॅमने तर करारातच लिहून घेतलं होतं की पुढे एक टीम अडीच कोटी डॉलरला घ्यायचा हक्क मला हवा. आज मायामीत मेस्सी खेळतो ती टीम त्यातूनच उभी राहिली. मेस्सीच्या करारातही क्लबमध्ये हिस्सा घेण्याची सोय आहे. हे दोघं सगळ्यात महागडे खेळाडू, पण दोघांनी पगारावर समाधान मानलं नाही, मालकीतला तुकडा मागितला. ज्याच्याकडे मागायची ताकद नव्हती त्याच्यासाठी सुरुवातीच्या गरिबीचा नियम तीस वर्षांनीही चालू आहे. टीमची किंमत पन्नास पट झाली आणि कॅपचं कारण अजूनही "लीग टिकली पाहिजे" हेच सांगतात. मला हे पटत नाही. एक चांगलं म्हणजे तिथली खेळाडूंची संघटना प्रत्येकाचा पगार नावानिशी जाहीर करते, त्यामुळे निदान झाकलेलं काही राहत नाही.

तुमच्या दुकानातली दोन पोरं "धंदा बसेपर्यंत" कमी पगारावर आलीत ना? धंदा बसला हे कोण ठरवणार आणि कधी, ते त्यांना सांगितलंय का? महिन्याची विक्री अमुक झाली की पगार तमुक, असं एका कागदावर लिहा आणि गल्ल्याजवळ चिकटवा. त्यांना ते पाहिजेच असतं, विचारत नाहीत एवढंच.

आता तुमच्या समोरच्या फ्रँचायझीवर येतो. मागच्या वर्षी आमच्या बॅचमध्ये एक भाऊ होता. त्याने एका कंपनीची पार्लरची फ्रँचायझी घेतलेली. फी परत न मिळणारी, फर्निचर त्यांच्याकडूनच, कच्चा माल त्यांच्याच रेटने, विकायचा भाव त्यांचाच. तीन वर्षं राबला, गिऱ्हाईक जमवलं. करार संपला तेव्हा कंपनीने फी वाढवून मागितली, आणि करारात अशी अट निघाली की सोडलं तर दोन वर्षं त्याच गावात तसा धंदा करायचा नाही. कोर्टात ही अट किती टिकेल हा वकिलाचा विषय. पण कोर्टात जायला पैसा लागतो तो आपलाच. शिवाय गिऱ्हाईकांचे मोबाइल नंबर कंपनीच्या अॅपमध्ये होते, त्याच्याकडे एक नव्हता.

कोणी म्हणेल, सर, पाच लाख लावणाऱ्याला कंपनी हिस्सा देते काय? नाही देत, मला माहीत आहे. मग हिस्स्याच्या बदल्यात दुसरं मागा. परत न मिळणारी फी कमी आणि डिपॉझिट जास्त, म्हणजे निघताना हातात काही तरी राहील. करार संपल्यावर त्याच जागेत स्वतःच्या नावाने बसायची मुभा. गिऱ्हाईकांची यादी तुमच्याकडेही राहील असं लेखी. दुकान दुसऱ्याला विकायचं असेल तर तो हक्क. आणि सगळ्यात आधी हे विचारा: उद्या वरची कंपनीच बंद पडली, किंवा तिने ब्रँड दुसऱ्याला विकला, तर माझ्या कराराचं काय? या प्रश्नावर समोरचा माणूस हसला आणि "असं होतच नाही" म्हणाला, तर फॉर्म तिथेच ठेवून या. बंगळुरू, चेन्नईलाही असं होईल असं वाटलं नव्हतं.

आणि पाच-दहा जण एकाच धंद्यातले असाल तर मग दुसऱ्याचं केंद्र कशाला पाहिजे? दहा उत्पादक शेतकरी मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढू शकतात, कायद्यात २००२ पासून सोय आहे. दुकानदारांना एलएलपी किंवा प्रायव्हेट लिमिटेडचा रस्ता आहे. खरेदी एकत्र, ब्रँड एक, भाव एक, आणि हे सगळं ठरवणाऱ्या कंपनीत प्रत्येकाचा शेअर. आपल्याकडे लगेच आठवण निघते, सहकारात बाप्पा शेअर होतेच की, काय दिवे लागले? बरोबर आहे. पण किती सभासद वार्षिक सभेला अहवाल वाचून जायचे आणि किती नाश्त्याला जायचे, हेही आठवा. शेअर घेतला आणि ताळेबंद वाचला नाही तर तुम्ही फ्रँचायझीच राहता, फक्त पावती वेगळ्या रंगाची.

ज्यांच्याकडे सध्या एखादा फ्रँचायझी करार सहीला आलाय त्यांनी नाव-गाव झाकून त्याची पानं बॅचला घेऊन या. पुढच्या व्हिडिओत रॉयल्टी विक्रीवर मोजायची की नफ्यावर, ते आपण एका खऱ्या कराराची कलमं वाचून बघू. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.